दहाची मर्यादा कोण पाळते?

पडद्यावर एकच ओळ आहे: टाइपडेफ सीक्वेन्स<लाँग, 10> नोंदी. ही ओळ आहे आयडीएलमधली, म्हणजे इंटरफेस डेफिनिशन लँग्वेजमधली. कॉर्बा या 1991 पासूनच्या मानकात वेगवेगळ्या भाषांतल्या प्रोग्रॅमांचा आपसातला करार याच भाषेत लिहिला जातो, आणि तो करार सी++ किंवा जावामध्ये कोणत्या रूपात उतरेल हे त्या त्या भाषेचे मॅपिंग ठरवते.

सीक्वेन्स म्हणजे एकाच प्रकारच्या घटकांची अशी रांग, जिची लांबी प्रोग्रॅम चालू असताना ठरते. इथला 10 हा आकडा कमाल मर्यादा सांगतो; तो लिहिला नाही, तर रांगेला मर्यादाच राहत नाही.

समजा, पाण्याची पातळी मोजणाऱ्या यंत्राने तीन नोंदी पाठवल्या. नेटवर्कवरून आधी चार बाइटमध्ये 3 हा आकडा जातो आणि त्यामागून प्रत्येकी चार बाइटच्या तीन नोंदी, असे एकूण 16 बाइट होतात. (आयडीएलचा लाँग नेहमी 32 बिटांचाच असतो, मग यंत्र कोणतेही असो.) या 16 बाइटांत दहाच्या मर्यादेचा कुठेही उल्लेख नसतो. ती पाळण्याची जबाबदारी दोन्ही टोकांच्या कोडवर येते.

सी++च्या मूळ मॅपिंगमध्ये सीक्वेन्सचा क्लास तयार होतो आणि त्यात कमाल लांबी, सध्याची लांबी, घटकांचा बफर (म्हणजे ते साठवलेली मेमरीतली जागा) आणि रिलीज नावाचा एक फ्लॅग, म्हणजे हो-नाही सांगणारी खूण, असतो. बफरची मेमरी मोकळी करण्याचे काम क्लासचे की आपले, हे हा फ्लॅग सांगतो. मला या मॅपिंगमधली सर्वांत नाजूक जागा हीच वाटते, कारण फ्लॅग चुकला की एक तर मेमरी अडकून पडते किंवा तीच मेमरी दोनदा मोकळी केली जाते. पुढे सी++11साठी वेगळे मॅपिंग आले, त्यात अमर्याद सीक्वेन्ससाठी सरळ एसटीडी व्हेक्टर, म्हणजे आपली मेमरी स्वतःच सांभाळणारी सी++ची तयार रांग, वापरला गेला आणि ही चिंता मिटली. मर्यादेच्या बाबतीत मात्र मूळ मॅपिंग कठोर आहे: दहाच्या रांगेची लांबी अकरा केली, तर पुढे काय होईल याची हमी मानक देत नाही.

जावामध्ये सीक्वेन्सचा साधा अ‍ॅरे होतो आणि मर्यादा प्रकारातून नाहीशी होते. अकरा नोंदींचा अ‍ॅरे कंपायलर निमूटपणे स्वीकारतो. तो अ‍ॅरे दूरच्या प्रोग्रॅममधल्या ऑपरेशनला पाठवताना, बाइटांत रूपांतर होत असतानाच लांबी तपासली जाते आणि मार्शल नावाचे एक्सेप्शन, म्हणजे चूक झाल्याची सूचना, येते.