फोनचा ८ आणि कॉम्प्युटरचा २ एकाच जागेवर! नंबर पॅड उलटा कसा करायचा, आणि कुणी करू नये

नमस्कार मंडळी. आज सुरुवात एका ओटीपीपासून करतो, जो आलाच नाही.

माझ्या चुलतभावाचं, म्हणजे आमच्या दादाचं, गावात सेवा केंद्र आहे, उत्पन्नाचा दाखला, सातबारा, पीक विमा, पॅन कार्ड, सगळं तिथं होतं. मागच्या पावसाळ्यात मी तिथं बसलो होतो आणि एक आजोबा विम्याचा फॉर्म भरायला आले. दादाकडे कामाला असलेली मुलगी कॉम्प्युटरवर, आजोबा मोबाईल नंबर सांगतायत, ती टाइप करतेय, आणि मग ओटीपीची वाट बघणं सुरू. आजोबा फोन हातात धरून बसले, दोन मिनिटं झाली, पाच झाली, परत पाठवला, परत नाही आला. "रेंज नसंल पोरी," असं शेवटी तेच म्हणाले. रेंज होती, फुल होती. नंबरच्या मधे एक ८ होता तिथं २ पडला होता आणि ओटीपी भलत्याच कुणाच्या तरी फोनवर दोनदा जाऊन आला होता.

माझ्या डोक्यात तेव्हापासून एकच, की ८ च्या जागी २ च का? शेजारची की दाबली गेली असती तर ७ किंवा ९ पडायला हवा होता. मग मी तिच्या हाताकडे बघत बसलो आणि लक्षात आलं, की ती आजोबांच्या तोंडाकडे बघते आणि बोट आपोआप जातं, आणि बोट जिथं जातं तिथं फोनवर ८ असतो. पोरगी शाळेपासून मोबाईल वापरतेय, तिच्या बोटांना फोनची मांडणी पाठ आहे.

(इथे फोन आणि कीबोर्ड शेजारी शेजारी दाखवणे)

हे बघा. फोनवर वरची ओळ १-२-३, मधली ४-५-६, खालची ७-८-९, त्याखाली ०. कीबोर्डच्या उजव्या बाजूला जो नंबर पॅड असतो त्यावर वर ७-८-९, मधे ४-५-६, खाली १-२-३. मजा म्हणजे तुमच्या एकाच मोबाईलमधे दोन्ही आहेत, डायलर उघडा, मग कॅल्क्युलेटर उघडा, वरची ओळ बदललेली दिसेल. आणि नीट बघितलं तर बदल फक्त सहा कीजचा आहे. ४, ५, ६ दोन्हीकडे जागच्या जागी, ० पण खालीच. फक्त १ आणि ७, २ आणि ८, ३ आणि ९ यांची अदलाबदल. म्हणजे २५८० हा फोनवर वरून खाली सरळ रेघेत दाबला जाणारा नंबर (आणि हो, तुमचा पिन हा असेल तर आजच बदला, खूप जणांचा हाच असतो), तीच रेघ नंबर पॅडवर मारली तर ८५२० पडतं.

उलटं पण होतं. माझी आई आयुष्यभर हिशेबाच्या टेबलावर होती, कॅल्क्युलेटरकडे न बघता बेरजा करायची, आणि एटीएमचा पिन तिनं कधी आकडे म्हणून लक्षातच ठेवला नाही, कॅल्क्युलेटरच्या मांडणीवर बोटांनी लक्षात ठेवला. एटीएमवर वर १-२-३ असतं. तीन वेळा पिन चुकला, कार्ड ब्लॉक. तिला वाटलं आता आपल्याला विसरायला व्हायला लागलंय, चार दिवस त्याच काळजीत होती. ती काही विसरली नव्हती, तिच्यासमोरच्या ओळी उलट होत्या, एवढंच. हे तिला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं असं मला अजून वाटतं, म्हणून हा व्हिडिओ.

आता आकडा चुकल्यावर पकडला कधी जातो आणि कधी नाही ते बघू, कारण खरी अडचण तिथं आहे. आधारचे १२ आकडे असतात, त्यातला शेवटचा आकडा तपासणीचा असतो, आधीच्या अकरा आकड्यांवरून गणित करून काढलेला. त्या पद्धतीला व्हेरहॉफ म्हणतात. एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे पुढंमागं झाले, तर हिशेब जुळत नाही आणि ही तपासणी करणारा फॉर्म तिथंच अडवतो. मोबाईल नंबरला असं काहीच नाही. भारतातला मोबाईल नंबर ६, ७, ८ किंवा ९ नं सुरू होतो, त्यामुळे पहिल्याच आकड्याला ९ ऐवजी ३ पडला तर बरेच फॉर्म नको म्हणतात, पण पाचव्या किंवा आठव्या जागेवर ८ चा २ झाला तर तो नंबर पण एकदम व्यवस्थितच दिसतो, कुणाचा तरी असला तर मेसेज तिकडे जातो. ओटीपी नाही आला तर निदान चूक त्याच क्षणी कळते. जिथं ओटीपी नसतो, नुसता नंबर लिहून घेतात, तिथं महिन्यांनी कळतं, की मेसेज कधी आलेच नाहीत.

आणि आपल्याकडे यात अजून एक भर आहे. आपण नंबर जोडीजोडीनं सांगतो, "अठ्ठ्याण्णव, सत्तावीस, त्रेपन्न". सत्तावीस म्हणताना सात आधी ऐकू येतो आणि टाइप २ आधी करायचा असतो. २०१९ मधे दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस सात" असं वाचन दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवत असेल, त्या वादात मी आत्ता पडत नाही, पण काउंटरवर बसलेल्या माणसाच्या डोक्यात ही उलटापालट दर दोन आकड्यांना होते हे खरंय. आता त्याच्यावर परत ओळी उलट्या म्हणजे किती कामं एकदम झाली बघा. म्हणून आजोबांसारखे कोणी आले तर नंबर सुटा सुटा सांगायला सांगा, नऊ, आठ, दोन, सात.

बरं, दोन मांडण्या आल्याच कुठून?

कॅल्क्युलेटरवाली जुनी आहे. १८८० च्या दशकात अमेरिकेत कॉम्प्टोमीटर नावाचं बेरजेचं यंत्र आलं, त्यात एकक, दशक, शतक असे उभे रकाने आणि प्रत्येक रकान्यात ९ बटणं, १ खाली आपल्याजवळ आणि ९ वर लांब. मग १९१४ च्या सुमारास संडस्ट्रँडचं दहाच बटणांचं यंत्र आलं, रकाने गेले, तीन बाय तीनचा चौकोन आला, आणि लहान आकडे खाली, मोठे वर ही रीत तशीच राहिली. तिथून ती कॅल्क्युलेटरवर आणि कॉम्प्युटरच्या कीबोर्डवर आली.

फोनचं वेगळंच. फोनला आधी गोल डायल होती, ती फिरवली की १ ला एक ठोका, २ ला दोन, असं करत ९ नंतर ० ला दहा ठोके. म्हणजे फोनमधे ० हा ९ च्या पुढचा आकडा, म्हणून आजही तो ७-८-९ च्या खालच्या ओळीत बसलाय. बटणांचा फोन करायचं ठरलं तेव्हा अमेरिकेतल्या बेल कंपनीच्या लोकांनी ही बटणं कशी लावायची यावर खरोखर मेहनत घेतली. १९५५ मधे लुट्झ आणि चापानिस या दोघांचा एक अभ्यास छापून आला, त्यात लोकांना कोऱ्या बटणांवर आकडे कुठं असावेत असं विचारलं होतं, आणि लोकांची साधारण अपेक्षा वाचायच्या दिशेनं होती, डावीकडून उजवीकडे, वरून खाली. मग बेल लॅब्जच्या डायनिंजरनं वेगवेगळ्या मांडण्या लोकांच्या हातात देऊन बघितल्या, गोलाकार, पाच-पाचच्या दोन ओळी, बऱ्याच, आणि त्याचा अहवाल १९६० मधे आला. चांगल्या मांडण्यांमधे वेगाचा फरक थोडाच होता. शेवटी १-२-३ वरची मांडणी ठरली आणि १८ नोव्हेंबर १९६३ ला पेन्सिल्व्हेनियातल्या दोन गावांमधे बटणांचा फोन सुरू झाला. तेव्हा बटणं दहाच होती, स्टार आणि हॅश १९६८ ला आले.

एक गोष्ट नेटवर सारखी फिरते, की हिशेबनीस लोक फार भराभर नंबर दाबतील आणि एक्सचेंजला झेपणार नाही म्हणून फोन कंपनीनं मुद्दाम उलटं केलं. मला हे पटत नाही. त्या अभ्यासांचा सगळा भर माणसाला भराभर, न चुकता आणि सोयीचं काय पडतं यावर आहे. १९६८ मधे इंग्लंडमधे कॉनराड आणि हल यांनी सवय नसलेल्या लोकांवर दोन्ही मांडण्या तपासल्या, तर फोनच्या मांडणीत चुका कमी निघाल्या. सवय नसलेल्या हे लक्षात ठेवा, माझ्या आईसारख्यांना ते लागू नाही.

आता करायचं कसं. विंडोज असेल तर मायक्रोसॉफ्टचंच पॉवरटॉईज नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते टाका, त्यात कीबोर्ड मॅनेजर, त्यात रीमॅप अ की. सहा ओळी भरायच्या: ७ चा १, १ चा ७, ८ चा २, २ चा ८, ९ चा ३, ३ चा ९. निवडताना नंबर पॅडचेच आकडे निवडा, अक्षरांच्या वरच्या ओळीतले नाही, इथं हमखास घोळ होतो. आणि जोडीतला एकच बदलून थांबू नका, ७ चा १ केला आणि १ ला तसंच सोडलं तर नंबर पॅडवर ७ कुठंच उरत नाही, सॉफ्टवेअर तशी वॉर्निंग देतं, ती वाचा.

एक सापळा यात आहे. पॉवरटॉईज चालतं तुम्ही लॉगिन झाल्यावर. लॉगिनच्या स्क्रीनवर नंबर पॅड जुनाच असतो. म्हणजे सकाळी पिन टाकताना कॅल्क्युलेटरची मांडणी आणि आत गेल्यावर फोनची. पिन वरच्या आडव्या ओळीतून टाकायची सवय लावा, ती ओळ कुठंही बदलत नाही. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या साठ्यात, स्कॅनकोड मॅप नावाची नोंद करून लॉगिनच्या आधीपासून पण बदलता येतं, पण ते अख्ख्या मशीनला लागतं, सगळ्या युजरना, आणि नम लॉक (नंबर पॅडचे आकडे चालू-बंद करणारी की) बंद असेल तर नंबर पॅडवरचे होम-एंड आणि वर-खालीचे बाण पण उलटे होतात, तर दुकानातल्या किंवा केंद्रातल्या मशीनवर मी ते करणार नाही.

लिनक्सवाल्यांचं काम सोपं आहे, कीबोर्डच्या ऑप्शनमधे नंबर पॅडच्या मांडणीचा भाग आहे आणि त्यात फोन आणि एटीएम पद्धत तयारच आहे, निवडली की झालं. मॅकवर काराबिनर-एलिमेंट्स नावाच्या सॉफ्टवेअरमधे याच सहा जोड्या टाकायच्या.

आणि मला सगळ्यात आवडणारा मार्ग म्हणजे वेगळा यूएसबी नंबर पॅड, पण प्रोग्रॅम करता येणारा घ्यायचा. यात मांडणी त्या पॅडच्या आतच साठवलेली असते, कुठल्याही कॉम्प्युटरला लावा, लॉगिनच्या स्क्रीनवर पण तीच. कीजवरच्या टोप्या काढून अदलाबदल करता येते, फक्त काही कीबोर्डवर प्रत्येक ओळीच्या टोपीची उंची आणि उतार वेगळा असतो, तिथं बदलल्यावर बोटाला खडबडीत लागतं, त्यापेक्षा स्टिकर बरे. ५ वरची बारीक टिकली मात्र आहे तिथंच राहते, दोन्हीकडे मधोमधच, बोट तिथं टेकवलं की न बघता बाकीचं सापडतं.

बदलायचं की नाही हे ठरवायला एक करून बघा. नोटपॅड उघडा, कीबोर्डकडे न बघता नंबर पॅडवर स्वतःचा मोबाईल नंबर पाच वेळा टाइप करा आणि मग वर बघा. सारखं १ चं ७ आणि ८ चं २ होत असेल तर तुमची बोटं फोनची आहेत, आणि तुमचं काम दिवसभर मोबाईल नंबर टाकायचं असेल, कुरिअर, सेवा केंद्र, दवाखान्याचं काउंटर, तर बदला. नंबर बरोबर येत असतील तर हात लावू नका. टॅलीवर बसणारे, बँकेतले, सीएच्या ऑफिसातले, तुमचा वेग वर्षानुवर्षांच्या सवयीतून आलाय, तो कुणाच्याही सांगण्यावरून मोडू नका. आणि एकाच मशीनवर दोन जण बसत असतील तर विंडोजचे दोन युजर करा, पॉवरटॉईजची सेटिंग युजरप्रमाणे वेगळी राहते.

दादाच्या केंद्रात आता कीबोर्डच्या डाव्या बाजूला एक छोटा वेगळा पॅड आहे, वर १-२-३. ती मुलगी त्याच्यावर काम करते, डाव्या हातानं, कारण उजव्या हातात तिचा पेन असतो. पहिला आठवडाभर तिनं प्रत्येक नंबर दोनदा तपासला. संध्याकाळी दादा हिशेबाला बसतो तो मोठ्या कीबोर्डच्या नंबर पॅडवर, तो आहे तसाच ठेवलाय. आणि ओटीपी पाठवायच्या आधी ती आता स्क्रीनवरचा नंबर एकेक आकडा मोठ्यानं वाचते, समोरचा हो म्हणाला की मगच बटण दाबते. ते आजोबा परवा परत आले होते, दाखल्यासाठी. तिनं वाचायला सुरुवात केली तर तेच तिच्या आधी सुटे सुटे आकडे म्हणायला लागले.