घंटा गप्प होत्या तेव्हा

नमस्कार, श्रोतेहो.

दुसरं महायुद्ध चालू होतं. जून १९४० मध्ये इंग्लंडमधल्या चर्चच्या घंटा गप्प झाल्या. घंटा वाजवायची ती शत्रूचे सैनिक हवाई छत्रीने उतरले तरच, असा सरकारी हुकूम निघाला. ज्या आवाजावर खेड्यातलं लग्न, मयत, रविवार सारं चालायचं, तोच आवाज कानी पडू नये म्हणून माणसं देवाला विनवू लागली. समुद्रापलीकडे असलेलं युद्ध दारात येतं म्हणजे काय, ते मला या एका गोष्टीतून कळतं.

शत्रूला वाट सापडू नये म्हणून रस्त्यांवरच्या दिशादर्शक पाट्याही काढल्या होत्या. परक्याने वाट विचारली, तर सांगावी की नाही, असा प्रश्न पडे. रात्री खिडक्यांना काळे पडदे. चिमूटभर उजेड बाहेर गेला, तरी पहारेकरी दार ठोठावायचा.

मुलांचं मात्र थांबून सांगायला हवं. सप्टेंबर १९३९ च्या पहिल्या तीन-चार दिवसांत बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने शहरांतून सुमारे पंधरा लाख लोक खेड्यापाड्यांत हलवले गेले. त्यांत बहुतेक मुलंच. कोटाला नावाची चिठ्ठी बांधलेली, हातात गॅस मास्कचा डबा. अनेक गावांत या मुलांना सभागृहात उभं करत आणि गावकरी येऊन आपापल्याकडे कोण न्यायचं ते निवडत. धडधाकट पोरं आधी जायची, शेतात हाताशी येतील म्हणून. शेवटपर्यंत कुणीच न निवडलेलं एखादं लेकरू भिंतीशी उभं असेल. त्या लेकराचा विचार मनातून जात नाही. पण त्यांना घरात घेणाऱ्या बायांचाही विचार करा. पहिल्या मुलामागे आठवड्याला साडेदहा शिलिंग मिळायचे. त्यात जेवण, धुणं आणि रात्री आईच्या आठवणीने रडणारं पोर उगी करणं, सारं आलं. जानेवारी १९४० पासून तर लोणी, साखर, खारवलेलं डुकराचं मांसही रेशनवर गेलं.

गावातले कित्येक तरुण लढाईवर गेले, तेव्हा शेतीला स्त्रिया आल्या. १९४३ पर्यंत 'विमेन्स लँड आर्मी' या शेतात राबणाऱ्या स्त्रियांच्या दलात ऐंशी हजारांहून अधिक जणी होत्या. काल दुकानात कापड मोजणारी मुलगी आज पहाटेच्या गारठ्यात धारा काढत होती.

१५ नोव्हेंबर १९४२ चा रविवार. इजिप्तमध्ये अल अलामीनची लढाई जिंकली, म्हणून त्या दिवशी देशभर घंटा वाजल्या.

पण दक्षिण इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्यातल्या टाइनहॅम गावाचं पुढे काय झालं, ते ऐका. रणगाड्यांच्या सरावासाठी लष्कराने ते गाव मागितलं. डिसेंबर १९४३ मध्ये, नाताळच्या तोंडावर, सारं गाव उठलं. जाताना चर्चच्या दारावर एक चिठ्ठी लावली होती: चर्च आणि आमची घरं जपून वापरा, आम्ही एक दिवस परत येऊ.

युद्ध संपलं, पण जमीन लष्कराकडेच राहिली. त्या घरांत पुन्हा कुणी राहायला आलं नाही.