दोन गळे, एक खुंटा

श्रोतेहो, नमस्कार.

जात्यावर जोडीनं दळायला बसलं की खुंटा एकच असतो. त्यावर चार हात, एकावर एक. अर्धा फेरा हिचा, अर्धा तिचा. गाणंही तसंच चालतं. एकीनं ओळ टाकायची, दुसरीनं ती उचलायची. गेल्या हिवाळ्यात मुळशी तालुक्यातल्या दोन जावांच्या ओव्या मी अल्बमसाठी ध्वनिमुद्रित केल्या. आज त्याच कामाबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे.

सुरुवात आम्ही पुण्यातल्या एका स्टुडिओत केली होती. मध्ये काच, प्रत्येकीला वेगळा माइक, कानांवर हेडफोन. आवाज अगदी स्वच्छ आले, पण ओवी काही केल्या लागेना. थोरली ओळ संपवून थांबायची आणि कुठं थांबलो तेच तिला कळायचं नाही. शेवटी धाकटी म्हणाली, "ताई, हाताला काही नाही, तर तोंडाला कसं येईल?" त्या दिवशीचं सगळं काम मी बाजूला ठेवलं.

मग त्यांच्याच घरी गेलो. पहाटे चारला बसायचं ठरलं, कारण साडेपाचला पहिली एसटी येते आणि मग गाव जागं होतं. पंखा बंद, फ्रिज बंद, रेकॉर्डर बॅटरीवर. पत्र्याखाली आवाज फार घुमतो म्हणून दोन भिंतींना गोधड्या टांगल्या. माइकचा स्टँड जमिनीवर ठेवून पाहिला, तर जात्याचा हादरा थेट त्यातून चढून माइकमध्ये शिरत होता. थोरलीनंच तुळईवरून दोर सोडला आणि माइकची जोडी दोघींच्या मधोमध, डोक्याच्या जरा वर लोंबती ठेवली. दोन माइक, एकमेकांपासून सतरा सेंटिमीटर, तोंडं ११० अंशांत फाकलेली. फ्रेंच रेडिओची ही जुनी पद्धत मला फार आवडते. आपले दोन कान जसं ऐकतात त्याच्या ती जवळ जाते. डाव्या कानाला थोरली, उजव्या कानाला धाकटी, आणि मध्ये दगड.

माइक बदलता येतो, खोली बदलता येते. पण त्या दगडाला कुणी बाजूला काढू नये, हे मला आज ठामपणे सांगायचं आहे. घरघर हा गोंगाट आहे, खालचे सूर छाटले की गळे मोकळे होतील, असं मला काही जणांनी सुचवलं. मी तसं करून ऐकलं. गळे मोकळे झाले नाहीत, पोरके झाले. कारण ओवीचा ताल त्या फेऱ्यातच आहे. थोरली मूठभर ज्वारी वैरण म्हणून जात्याच्या तोंडात सोडते, तेवढ्या वेळात तिला श्वास मिळतो आणि धाकटी ओळ हाती घेते. दाणा भरपूर असला की जातं जड, भरल्या आवाजात फिरतं. सरत आला की दगडावर दगड लागून आवाज कोरडा होतो. तिसऱ्या पहाटेपर्यंत हेडफोनमध्ये तो बदल मला नेमका ओळखू यायला लागला. कोरडेपणा कानावर आला की थोरलीचा हात सुपाकडे गेलेलाच असायचा.

त्या घरघरीमुळं आणखी एक बंधन येतं. एका ओवीची चांगली ओळ उचलून दुसरीत जोडता येत नाही. गळा जुळेल, पण दगडाचा फेरा तुटतो आणि कान लगेच ठेचकाळतो. म्हणून अल्बममधला प्रत्येक ट्रॅक सलग आहे, जसा गायला गेला तसा. माहेरच्या एका ओवीत धाकटीचा आवाज दाटून आला आणि तिची ओळ अर्धीच राहिली. थोरलीनं खुंटा न थांबवता ती पुरी केली. ध्वनिमुद्रण ऐकवल्यावर मी धाकटीला विचारलं, हे ठेवायचं का? ती म्हणाली, "राहू द्या. ती कायमच असं सांभाळून घेती."

हे काम करताना मला हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांची फार आठवण येत होती. त्यांनी पुण्यात राहून महाराष्ट्रातल्या गावागावांतून लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, गाणाऱ्या बायांच्या नावानिशी. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल यांनी डिजिटल टेपवर त्यातल्या काही ओव्यांचं ध्वनिमुद्रण केलं. नावानिशी, हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. ओवी सगळ्यांची असेल, पण तिला दिलेला गळा त्या बाईचा असतो. १९९४च्या दुरुस्तीनं आपल्या कॉपीराइट कायद्यात कलाकाराला तिच्या सादरीकरणावर हक्क मिळाला, तो ५० वर्षं टिकतो. आमच्या करारावर दोघींच्या सह्या आहेत. तो करार मी त्यांना ओसरीवर बसून, वाक्य वाक्य थांबून वाचून दाखवला. विक्रीतला वाटा किती, एवढंच नाही तर कुठली ओवी बाहेर द्यायची नाही, हेही त्यांनीच ठरवलं. सासूवरच्या दोन ओव्या त्यांनी घरातच ठेवल्या.

आता मी थांबते आणि तुम्हाला पहिला ट्रॅक ऐकवते. सुरुवातीला बराच वेळ गाणं नाही. सुपाचा आवाज येईल, मग दगड फिरायला लागेल, मग बांगड्या. घरात दिवा लावलेला नाही असं समजा. थोरली डावीकडे बसली आहे.