दारफळणी, अनशी आणि चिकाचा हलवा: कोकणातल्या ज्यूंचं सणवार

मंडळी, २०२५ सालचं कॅलेंडर घरात अजून खिळ्याला टांगलेलं असेल तर घरी गेल्यावर जरा चाळून बघा. २२ सप्टेंबरला आपल्याकडे घट बसले आणि त्याच संध्याकाळी, सूर्य मावळताना, ज्यूंचं ५७८६ वं वर्ष लागलं. दसऱ्याच्या दिवशी त्यांचा योम किपूरचा कडक उपास होता. कोजागिरीच्या संध्याकाळी सुक्कोथ, म्हणजे मांडवांचा सण, सुरू झाला. त्याआधी मार्चमध्ये आपली होळी पेटली त्या संध्याकाळी पुरीम लागला होता आणि एप्रिलात हनुमान जयंतीच्या रात्री पेसाह, ज्याला मराठी बायबलात वल्हांडण म्हणतात.

हा योगायोग नाही, गणित आहे. त्यांचे महिने चंद्राचे, आपलेही चंद्राचे. बारा चांद्रमासांचं वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी तोकडं पडतं. पेसाह वसंतातच यायला हवा अशी धर्मग्रंथाची आज्ञा, म्हणून ते १९ वर्षांत ७ वेळा एक महिना वाढवतात. आपला अधिक मास जागा बदलतो, कधी श्रावण अधिक, कधी आश्विन. त्यांचा मात्र ठरलेला: अदार महिना दोनदा येतो. त्यामुळे एखाद्या वर्षी जोडी फुटते. २०२३ साली आपल्याकडे अधिक श्रावण आला, तेव्हा त्यांचं नवं वर्ष १५ सप्टेंबरच्या संध्याकाळी लागलं आणि आपले घट बसले थेट १५ ऑक्टोबरला.

आता हे पंचांग मी का उघडलं? कारण अलिबाग, रेवदंडा, पेण या पट्ट्यात बेने इस्राएल हा ज्यू समाज कित्येक शतकं राहिला, तो धर्मगुरूशिवाय आणि हिब्रू ग्रंथांशिवाय. त्यांची परंपरा सांगते की इसवी सनापूर्वी १७५ च्या सुमारास नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, पोथ्या समुद्रात गेल्या. याला ताम्रपट नाही की शिलालेख नाही, तेव्हा इतिहास म्हणून मी ते छातीठोकपणे सांगणार नाही. पण पोथी नसताना सण टिकले, एवढं खरं. आणि ते तिथीला टिकले. माझा तर्क असा की शेजारच्या आगऱ्याकुणब्यांचीही तिथी तोच चंद्र ठरवत होता, त्याचा आधार झाला असणार. पुरीमला हे लोक चक्क ‘होळीचा सण’ म्हणत.

हाईम सॅम्युएल केहिमकर या बेने इस्राएल गृहस्थांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या समाजाचा इतिहास लिहिला. त्यात जुने सण दिले आहेत: नव्याचा सण, दारफळणीचा सण, शिळा सण, खिरीचा सण, अनशी ढाकाचा सण. कुठल्याही कोकणी म्हातारीच्या तोंडी शोभतील अशी ही नावं. नव्याचा म्हणजे रोश हशाना, वर्षारंभ. दारफळणी म्हणजे योम किपूर. यातल्या दोन सणांवर जरा थांबू.

योम किपूर हा ज्यू वर्षातला सर्वांत गंभीर दिवस. सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशी रात्र पडेपर्यंत पाणीसुद्धा नाही, आणि वर्षभराच्या पापांची कबुली. सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, नसलेल्या कोकणातल्या घरात काय व्हायचं? आंघोळ करून, पांढरे कपडे घालून दार लावून घ्यायचं. दिवसभर बाहेर पडायचं नाही, परक्या माणसाला शिवायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही. समजूत अशी होती की पूर्वजांचे आत्मे त्या दिवशी घरी येतात आणि दुसऱ्या दिवशी परततात. तो दुसरा दिवस म्हणजे शिळा सण. त्या दिवशी गोरगरिबांना दानधर्म आणि आप्तांच्या भेटीगाठी. पूर्वज परत जाण्याची कल्पना मूळ योम किपूरमध्ये शोधायला जाऊ नका. ती आपल्या पितृपक्षाच्या शेजारातली वाटते, आणि पितृपक्ष त्या सुमारासच संपलेला असतो.

दुसरा, अनशी ढाकाचा. अनस म्हणजे आंबट, पातळ तोंडीलावणं, मडक्यात घालून ठेवलेलं. पेसाहच्या दिवसांत त्या मडक्याचं तोंड झाकायचं आणि सण संपेपर्यंत ते उघडायचं नाही. कशासाठी, ते कोणाला सांगता येत नव्हतं. आता मूळ नियम ऐका. मोशेच्या मागोमाग इजिप्तच्या गुलामीतून निघताना कणीक फुगायलाही वेळ नव्हता, त्या आठवणीसाठी या सणात आंबवलेलं धान्य घरात ठेवायचं नाही. पाणी पडल्यापासून अठरा मिनिटांच्या आत रोटी भाजून झाली पाहिजे, तिला मत्सा म्हणतात. आता कोकणात भात खाणाऱ्या माणसाच्या घरी पाव कुठला आणि यीस्ट कुठलं! पण आंबलेलं एक मडकं होतं, ते झाकलं गेलं. इजिप्त विसरलं, मोशे विसरला, मडक्याचं झाकण राहिलं. मला विचाराल तर कुठल्याही धर्मशास्त्राच्या टीकेपेक्षा हे झाकण जास्त बोलकं आहे.

इथे केहिमकरांच्या माहितीतली एक गंमत सांगतो. काही दिवसांच्या नावांत ‘रोजा’ येतो: नव्याचा रोजा, बिरड्याचा रोजा. एका उपासाच्या महिन्याला तर रमजानच म्हणत. एलिया हन्नाबीचा, म्हणजे बायबलातल्या एलिया संदेष्ट्याचा, होतो तो उरूस. शुद्ध मराठी नावांचा एक थर आणि फारसी वळणाच्या नावांचा दुसरा, म्हणजे हे उपास नंतर, कोणी शिकवल्यावर आले असावेत, असा अंदाज बांधता येतो. बिरड्याचा रोजा हा जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या दुःखाचा. त्याला वालाचं बिरडं. कडव्या वालांना मोड आणून, सोलून केलेलं बिरडं ज्यांनी खाल्लंय त्यांना दुःखाशी त्याचा संबंध लावणं जड जाईल, पण असो.

एक चिठ्ठी आली आहे: ‘ज्यूंची दिवाळी राहिली.’ बरोबर, हनुक्का. आठ दिवस रोज एक दिवा वाढवायचा. तो इसवी सनापूर्वी १६४ च्या सुमाराचा प्रसंग, ग्रीक राजवटीकडून मंदिर परत मिळवल्याचा. बेने इस्राएलांना तो जुन्या काळी ठाऊक नव्हता. आमचे पूर्वज त्याआधीच निघाले होते, असा पुरावा ते यातून काढतात. पुरावा म्हणून तो लंगडा आहे. जे विसरलं गेलं ते कधी माहीतच नव्हतं, असं म्हणता येत नाही.

पुढे कोचीनचे ज्यू शिक्षक आले, मुंबईत मिशनऱ्यांनी हिब्रू शिकवलं, आणि १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकरांनी मांडवीत पहिलं सिनेगॉग बांधलं. पेसाहच्या रात्री वाचायची पोथी, हग्गादा, १८४६ मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह छापली गेली. १८७४ ची पुण्याची आवृत्ती मिळाली तर जरूर पाहा. तिच्या चित्रांत लुगडी नेसलेल्या बायका मत्सा लाटताना आणि भाजताना दिसतात. एव्हाना मडक्याच्या झाकणाला कारण परत मिळालं होतं.

पण ग्रंथ आले म्हणून स्वयंपाकघर मागे हटलं नाही. नव्या वर्षाला चिकाचा हलवा होतो. गहू भिजत घालायचे, वाटायचे, गाळून चीक काढायचा, मग नारळाच्या दुधात साखर घालून तासन् तास घोटत बसायचं. हात भरून येतात. मिश्रण कडा सोडू लागलं की ताटात ओतून वर बदाम-पिस्ते, आणि थंड झाल्यावर वड्या. नारळाचं दूध का? तर ज्यू आहारनियमात मांस आणि दूध एका जेवणात चालत नाही. सणाला मटण हवं, गोडही हवं. जगभरच्या ज्यू गृहिणींनी या अडचणीवर नाना उपाय शोधले. इथे परसातला माड होता, प्रश्नच मिटला.

शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, लागतो. किद्दुशच्या आशीर्वादाला द्राक्षाची वाइन लागते. इथे काळ्या मनुका भिजवून, उकळून, गाळून सरबत करतात. शनिवारी घाणा बंद, म्हणून तेल गाळणाऱ्या या लोकांना गावाने ‘शनवार तेली’ म्हटलं. सोमवारी घाणा न धरणारे ते सोमवार तेली. गावाच्या लेखी फरक तेवढाच.

आणि मलिदा. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा, भोवती फळं, आणि एलिया हन्नाबीचं गाणं. लग्नाआधी, नव्या घरात, नवस फिटला की मलिदा होतो. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर एलियाच्या रथाच्या खुणा दाखवतात, तिथेही नवस फेडायला जातात. हा विधी असा इतर ज्यूंमध्ये सापडत नाही. १९४८ नंतर समाजातले बहुतेक लोक इस्राएलला गेले. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या लग्नांवर शंका घेतली, तेव्हा त्यांनी धरणं धरलं आणि १९६४ मध्ये तो वाद मिटला. मलिदा तिथेही चालूच राहिला. आता ते नवस फेडायला हैफामधल्या एलियाच्या गुहेपाशी जातात, पोहे बरोबर घेऊन.

उरलेल्या चिठ्ठ्या घेऊ. पहिलीच आहे, ‘चीक पहिल्या दिवशी काढावा की तिसऱ्या?’ हे मात्र मला विचारू नका, मागच्या रांगेत जाणत्या बायका बसल्या आहेत.