'बेळगाव' म्हणताना जीभ कुठं लागते?

नमस्कार मंडळी. रेडिओ चालू राहू दे आणि मोठ्यानं एकदा 'बेळगाव' म्हणा. आता सावकाश म्हणा. 'ळ' येताना जीभ वर वळून टाळूला लागते. कन्नडमधलं 'हळ्ळी' म्हणा, तरी तेच. जीभ तिथं गेलीच आहे तर टाळूच्या मधोमध पुढून मागं फिरवा. एक बारीकशी रेघ लागेल. आज मी बोलणार आहे ती त्या रेघेबद्दल.

टाळू म्हणजे एक सलग हाड नव्हे. डावा भाग आणि उजवा भाग त्या रेघेवर भेटतात, जुन्या वाड्याच्या दोन फळ्यांच्या दारासारखे. लहानपणी हा सांधा मोकळा असतो. वयात येताना दोन्ही कडा एकमेकींत गुंतत जातात आणि दार घट्ट होतं. कुणाचं लवकर, कुणाचं उशिरा. मुलींचं साधारण मुलांच्या आधी. वरचा जबडा अरुंद असेल तर दार मोकळं आहे तोवर तो रुंद करणं सोपं जातं.

अरुंद आहे हे घरी कसं ओळखायचं? मुलाला दाढा मिटायला सांगा आणि बोटानं गाल बाजूला करून बघा. वरच्या दाढा खालच्यांच्या किंचित बाहेर बसायला हव्यात, डब्यावर झाकण बसतं तशा. झाकणच डब्यात पडत असेल तर त्याला आम्ही दातांचे डॉक्टर क्रॉसबाईट म्हणतो. तो एकाच बाजूला असला की काही मुलं तोंड मिटताना हनुवटी बाजूला सरकवतात, आणि वाढत्या वयात चेहराही तिकडं झुकू शकतो. अंगठा चोखण्याची सवय, तोंडानं श्वास घेणं, घराण्यातली ठेवण अशी कारणं असतात. मूल रात्री तोंड उघडं टाकून घोरत असेल तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. टाळू रुंद केला की घोरणं हमखास थांबतं असं कुणी सांगत असेल तर मला ते पटत नाही.

मी बेळगावात दातांच्या तारांचं काम करते, आठवड्यातून एकदा निपाणीला जाते. तिथं ठरलेलं वाक्य ऐकू येतं, "दुधाचे सगळे दात पडू देत की डॉक्टर, मग बघू." त्यात सुगी आली की आणखी चार महिने. दात नुसते वेडेवाकडे असतील तर थांबायला माझी हरकत नाही. दाढांचं झाकण मात्र सातव्या-आठव्या वर्षी एकदा बघून घ्यावं.

वरचा जबडा रुंद करायचा उपचार तसा जुनाच आहे. १८६० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एंजेल नावाच्या दंतवैद्यानं एका मुलीच्या टाळूत स्क्रू बसवून चावी तिच्याच हातात दिली आणि दोन आठवड्यांत जबडा रुंद केला. तेव्हा बऱ्याच जणांनी विश्वास ठेवला नाही. पुढं १९६१ नंतर हास नावाच्या अमेरिकन दंतवैद्याच्या कामामुळं ही पद्धत पुन्हा रुळली. आजही गोष्ट तीच: वरच्या दाढांना कडी, मधे टाळूजवळ स्क्रू, आणि चावी आईवडिलांकडं. एका फेऱ्याला, म्हणजे स्क्रूच्या पाव वळणाला, साधारण पाव मिलिमीटर. दिवसाला एक किंवा दोन फेरे, दोन-तीन आठवडे. चावी पुढून घशाकडं ढकलायची, पुढचं भोक दिसेपर्यंत. चावीला दोरा बांधून तो मनगटात अडकवायचा. घशात गेली तर पंचाईत. एखादा दिवस विसरलात तर दुसऱ्या दिवशी दुप्पट फिरवू नका.

आता फटीचं सांगते. हुक्केरीकडची एक आजी नवव्या दिवशी नातवाला घेऊन तणतणत आली. "चांगल्या पोराच्या दातात खिंडार पाडलंसा की!" समोरच्या दोन दातांत काडी जाईल एवढी फट पडली होती. मला मात्र बघून बरं वाटलं, कारण फट पडली म्हणजे नुसते दात कलले नाहीत, सांधा उघडला. ही फट पुढच्या काही महिन्यांत बरीचशी आपोआप मिटते. हे मी त्यांना आधीच सांगायला हवं होतं. तेव्हापासून पहिल्या दिवशी फटीचं सांगितल्याशिवाय चावी देत नाही.

पहिले काही दिवस लाळ गळते, नाकाच्या मुळाशी ओढल्यासारखं वाटतं, आणि बोलणं बोबडं होतं. 'शाळा' म्हणताना 'श' आणि 'ळ' दोन्ही अडतात, त्यामुळं वर्गात मोठ्यानं वाचायची वेळ आली की पोरं गप्प होतात. बाईंना चिठ्ठी द्या. ऊस सोलून खाणं बंद, गोकाकचा करदंट बंद. भाकरी आमटीत कुस्करून चालते. रुंदी मिळाली तरी स्क्रू लगेच काढत नाहीत. उघडलेल्या जागेत नवं हाड भरायला तीन ते सहा महिने तो तसाच ठेवावा लागतो. घाई केली तर जबडा मागं सरकतो.

टाळू दुभंगलेल्या मुलांचा मार्ग वेगळा असतो. त्यांच्यात हाड भरण्याच्या शस्त्रक्रियेआधी रुंदी वाढवावी लागू शकते, आणि ते काम सर्जनच्या सोबतीनंच करायचं.

मोठ्यांचं काय? पस्तिशीत नुसत्या स्क्रूनं सांधा सहसा उघडत नाही. दाढा बाहेर कलतात, हिरड्या उतरतात. मग टाळूच्या हाडात बारीक स्क्रू रोवून त्यांच्या आधारानं जोर लावतात, किंवा भूल देऊन हाड सैल करावं लागतं. काढघाल करायच्या प्लेटनं मोठ्या माणसाचा जबडा रुंद करून देतो असं कुणी म्हटलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

खानापूरच्या एक शिक्षिका मागच्या वर्षी आल्या होत्या, वय एकतीस. दाढा आत, पण चावायला त्रास नाही, दुखणं नाही. शस्त्रक्रियेचं सगळं समजावून सांगितलं. आठ दिवसांनी त्यांचा फोन आला, "नको डॉक्टर, राहू दे." मीही आग्रह धरला नाही. लेकीला आता सातवं लागलंय, उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला घेऊन येते म्हणाल्या.

नमस्कार.