आधी जागा द्या, मग ‘उतर’ म्हणा

नमस्कार. कुत्र्याला सोफ्यावर चढू द्यायचं की नाही, हे ज्या त्या घरानं ठरवायचं. चढू देणाऱ्यांचं काही चुकत नाही आणि नको म्हणणाऱ्यांचंही नाही. पण काही घरांत रविवारी टीव्ही बघताना कुत्र्याला शेजारी घेतात आणि सोमवारी धुतलेली चादर घातली की त्याच कुत्र्यावर ओरडतात. कुत्र्याचे सगळ्यात जास्त हाल अशा घरांत होतात. नियम कुठला का असेना, तो रोज एकच असला पाहिजे. आज आपण ‘सोफा, पलंग, दिवाण बंद’ हा नियम कसा शिकवायचा ते बघू.

आधी सोफ्याकडे कुत्र्याच्या नजरेनं पाहू. आपल्याकडे फरशी टाइल्सची, नाहीतर मार्बलची. एप्रिल-मेमध्ये कुत्रा आपणहून त्या गार फरशीवर पोट टेकून पसरतो. जुलैत तीच फरशी दमट आणि गारढोण होते, डिसेंबरात तर अंगाला झोंबते. सोफा मात्र मऊ आणि कोरडा असतो. बहुतेक हॉलमध्ये तो पंख्याखाली असतो, तिथून दार दिसतं, खिडकी दिसते आणि घरातल्या माणसांचा वास त्यात मुरलेला असतो. लॅब्रॅडॉरसारख्या वजनदार कुत्र्याच्या कोपरांना कडक फरशीवर झोपून घट्टे पडतात, कधी कधी तिथे पाणी भरून मऊ गाठही येते. असा कुत्रा मऊ जागा शोधतो कारण त्याला तिची गरज असते.

तो ‘डोक्यावर बसायला’ बघतोय म्हणून वर चढतो, हा समज मात्र आता सोडून द्यायला हवा. या समजाचं मूळ १९४७ साली रूडॉल्फ शेंकेल यांनी बंदिस्त लांडग्यांवर केलेल्या अभ्यासात आहे. एका आवारात कोंडलेल्या लांडग्यांमध्ये वरचढपणाची भांडणं दिसली आणि तेच चित्र पुढे पाळीव कुत्र्यांना चिकटवलं गेलं. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी १९९९ साली स्पष्ट लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पिल्लं, म्हणजे साधं कुटुंब. तेव्हा सोफा हा सिंहासनाचा प्रश्न नाही. तो आरामाचा आणि सवयीचा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तरही आरामातून आणि सवयीतूनच मिळतं.

म्हणून पहिलं काम कुत्र्याच्या अंथरुणाचं. कुत्रा कुशीवर झोपलेला असताना नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मोजा आणि त्यात २० ते ३० सेंटिमीटर मिळवा. एवढी लांबी हवी. पंचवीस-तीस किलोच्या कुत्र्याला निदान ८ ते १० सेंटिमीटर जाडीचा घट्ट फोम लागतो. हातानं दाबल्यावर फरशी लागली तर तो पातळ आहे. लहान कुत्र्याला चौपदरी गोधडी पुरते. खोळ काढून धुता येईल अशी शिवा आणि दोन खोळी ठेवा, कारण पावसाळ्यात एक वाळायलाच दोन दिवस लागतात. खाली घसरू नये म्हणून रबरी जाळी घाला. टाइलवर सरकणाऱ्या गादीवर कुत्रा पुन्हा पाय ठेवत नाही. उन्हाळ्यात फोम काढून कापड ताणलेली, जमिनीपासून १५ सेंटिमीटर उंच खाट द्या, म्हणजे खालून हवा खेळते.

अंथरूण कुठे ठेवता याला त्याच्या मऊपणाइतकंच महत्त्व आहे. बाल्कनीत किंवा स्वयंपाकघराच्या मागच्या कोपऱ्यात ठेवलेली महागडी गादी तशीच पडून राहते, कारण कुत्र्याला माणसांच्यात राहायचं असतं. सोफ्यापासून एक-दीड मीटरवर, पंख्याच्या वाऱ्यात आणि दार दिसेल असं ठेवा. पहिले काही दिवस तुमचा वापरलेला, न धुतलेला टीशर्ट तिथे अंथरा.

दुसरं काम म्हणजे नकळत मिळणारं बक्षीस बंद करणं. सोफ्यावर चढणं हेच स्वतः बक्षीस आहे. वर गेलं की मऊ लागतं, तिथे तुमची परवानगी लागत नाही. आणि दहापैकी दोनदाच मिळणारं बक्षीस सवयीला जास्त चिवट करतं, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्राण्यांवरच्या प्रयोगांपासून माहीत आहे. तुम्ही घरी असताना मज्जाव आणि ऑफिसला गेल्यावर सोफा मोकळा, तर कुत्रा एवढंच शिकतो की माणूस नसताना सोफा मिळतो. त्यामुळे पहिले दोन-तीन महिने, लक्ष ठेवायला कुणी नसेल तेव्हा वर जाताच येऊ नये अशी सोय करायची. बेडरूमचं दार बंद ठेवा, हॉलच्या तोंडाशी लहान मुलांसाठी मिळतं तसं गेट लावा, नाहीतर सोफ्याच्या उशा उभ्या करून त्यावर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आडव्या ठेवा. दिसायला वाईट दिसतं, पण तीन महिनेच. अॅल्युमिनियमचा कागद अंथरायचा उपाय बरेच जण सांगतात. काही कुत्री त्याला बिचकतात, काही तो फाडून खातात, आणि कागद काढला की सोफा पुन्हा पूर्वीसारखा. शॉक देणारी चटई आणि उंदराचे सापळे घरात आणूच नका. वेदना कशामुळे झाली याचा संबंध कुत्रा कशाशीही जोडू शकतो, त्या क्षणी शेजारून चाललेल्या मुलाशीसुद्धा.

आता प्रत्यक्ष शिकवण. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण घाई इथेच होते. आपण ‘वर जाऊ नको’ शिकवत नाही. ‘नको’ म्हणजे काय करायचं हे कुत्र्याला कळत नाही. आपण ‘जागेवर’ शिकवतो. उकडलेलं चिकन किंवा पनीर घ्या, तुकडा मटाराच्या दाण्याहून मोठा नको. शाकाहारी घरात उकडलेलं रताळं किंवा फरसबीही चालते. मनुका, द्राक्षं, चॉकलेट, कांदा यांचा अंशही नको, ते कुत्र्याला विषारी आहेत. दिवसभराचा असा खाऊ एकूण आहाराच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा आणि तेवढं जेवण कमी करा. जेवणाआधी तीन ते पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, दर वेळी दहा-पंधरा तुकडे. त्यापुढे ताणू नका.

अंथरुणाशेजारी उभे राहा. कुत्र्यानं नुसतं तिकडे पाहिलं किंवा एक पाय ठेवला, की त्याच क्षणी ‘छान’ म्हणा आणि तुकडा अंथरुणावर टाका. हातातून देऊ नका, अंथरुणावरच टाका, म्हणजे चांगलं काही मिळतं ते तिथेच हे पक्कं होतं. ‘छान’ म्हणायला एक सेकंदापेक्षा उशीर झाला तर कुत्रा पुढचं काहीतरी करू लागलेला असतो आणि शाबासकी त्या पुढच्या कृतीला मिळते. पुढचा तुकडा अंथरुणाबाहेर फेका, तो खाऊन आपणहून परत आला की पुन्हा ‘छान’. दोन पाय, मग चार पाय, मग बसणं, मग आडवं होणं. दहापैकी आठ वेळा जमलं की पुढची पायरी. तीनदा सलग चुकलं तर मागची. तो स्वतः अंथरुणाकडे धावायला लागला की मगच ‘जागेवर’ हा शब्द जोडा. आधीपासून शब्द घोकला तर तो कानावरून जातो. मग वेळ वाढवा: ३ सेकंद, ५, १०, मध्येच पुन्हा ४, मग १५. सतत चढती भाजणी ठेवली तर कुत्रा कंटाळून उठतो. त्यानंतर तुम्ही एक पाऊल मागे, दोन पावलं, आणि शेवटी सोफ्यावर बसून. हा शेवटचा टप्पा लोक गाळतात. उभं राहून शिकवलेलं, तुम्ही चहाचा कप घेऊन बसलात की कुत्र्याला नवंच वाटतं. तसंच हॉलमध्ये शिकलेलं बेडरूममध्ये आपोआप जात नाही, तिथे पहिल्या पायरीपासून, पण भराभर, पुन्हा घ्या.

खाली उतरण्याचा शब्द वेगळा शिकवायचा. आपल्या घरांत ‘खाली बस’ हे बसण्यासाठी म्हणतात, त्यामुळे ‘खाली’ शब्द घेतला तर कुत्रा सोफ्यावरच बसतो आणि आपण रागावतो. ‘उतर’ घ्या. कुत्रा वर असताना तुकडा नाकाशी नेऊन फरशीकडे न्या, चारही पाय खाली आले की ‘छान’, आणि लगेच ‘जागेवर’ सांगून मोठं बक्षीस तिथे द्या. हे दुसरं पाऊल चुकलं तर हुशार कुत्रा एक साखळी शिकतो: वर चढायचं, ‘उतर’ ऐकायचं, चिकन खायचं, पुन्हा वर चढायचं. म्हणून उतरल्याचं बक्षीस लहान, जागेवर गेल्याचं मोठं, आणि न बोलावता जागेवर जाऊन पडला असेल तर सगळ्यात मोठं. गुपचूप जागेवर पडलेल्या कुत्र्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही, आणि शिकवणीतली सर्वांत मोठी गळती तीच आहे.

गळपट्टा धरून खेचू नका. खेचलेला कुत्रा काही दिवसांत हात जवळ येताना दिसला की गुरगुरायला लागतो. गुरगुरणं ही सूचना आहे. त्यावर मारलं तर सूचना बंद होते, राग आत राहतो आणि पुढच्या खेपेला थेट दात लागतात. ढकलण्याऐवजी दीड-दोन मीटरची हलकी दोरी हार्नेसला (छातीभोवतीच्या पट्ट्याला) लावून ठेवा आणि तिचं टोक हातात घेऊन त्याला खाली चालतं करा. ही दोरी तुम्ही समोर असतानाच. एकट्या कुत्र्याच्या अंगावर राहिली तर खुर्चीच्या पायात अडकून गळ्याशी येते. सोफ्यावर बसून आधीच दात दाखवणारा कुत्रा असेल, तर घरगुती प्रयोग थांबवा, पशुवैद्याकडे जा आणि वेदना नाही याची खात्री झाल्यावर वर्तनतज्ज्ञाची मदत घ्या. कुणाला दात लागलेच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, कुत्र्याला लस टोचलेली असली तरीही.

घरी आल्यावर सोफ्यावर केस दिसले म्हणून रागावणं निरर्थक आहे. कान पाडून, नजर चुकवून उभा राहिलेला कुत्रा गुन्हा कबूल करतोय असं आपल्याला वाटतं. कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तो ‘अपराधी’ चेहरा चूक केल्यामुळे नव्हे, तर मालकाच्या रागावण्यामुळे येतो असं दिसलं. काहीही न केलेल्या कुत्र्यांचाही तसाच होत होता.

सोफा बंद केल्यावर पहिल्या आठवड्यात चढण्याचे प्रयत्न उलट वाढतात. आजवर उघडणारं दार उघडेना, की आपणही ते जोरात ढकलतो. नेमक्या त्या आठवड्यात ‘जाऊ दे, आजच्या दिवस’ झालं, की कुत्र्याला जोरात ढकलायचं बक्षीस मिळतं. सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंतच्या वयात शिकलेलं विसरल्यासारखं होतं, तेव्हा चिडू नका, दोन पायऱ्या मागे या. घरातल्या सगळ्यांनी शब्द एकच वापरायचा. आजोबा ‘हाड’ म्हणतात, मुलं ‘नो’ म्हणतात, आई ‘उतर’ म्हणते, आणि कुत्रा तिघांच्या चेहऱ्यांकडे बघत बसतो. फ्रीजवर दोन शब्द लिहून लावा. गणपतीत पाहुणे आले की त्यांनाही सांगा, नाहीतर हौसेनं कुणीतरी मांडीवर बोलावतंच. आणि दिवाळीत फटाक्यांना घाबरून कुत्रा पलंगावर चढला, तर त्या रात्री शिकवणी नको. त्याला आसरा द्या, नियम चार दिवसांनी पुन्हा चालू होतो.

भारतीय बैठक असलेल्या घराचा प्रश्न वेगळा. गाद्या, लोड-तक्के जमिनीवरच, आणि कुत्र्याची गादीही जमिनीवर. उंचीची खूणच उरत नाही. तिथे कुत्र्याला ती उंच खाट द्या आणि तिच्यावर बैठकीच्या चादरींशी अजिबात न जुळणारं खरखरीत कापड घाला, गोणपाटासारखं. पायाला लागणारा फरक कुत्र्याला रंगापेक्षा लवकर कळतो.

शेवटी म्हाताऱ्या कुत्र्यांबद्दल. आठ-नऊ वर्षांचा, आजवर नियम पाळणारा कुत्रा अचानक सोफा मागू लागला किंवा उतरायला नकार देऊ लागला, तर शिकवणी काढण्याआधी सांधे तपासून घ्या. डॅशहुंडसारख्या लांब पाठीच्या जातीत मणक्याच्या चकत्यांचा त्रास बराच आढळतो आणि त्यांनी उंचावरून उडी मारणं टाळलेलंच बरं. अशा कुत्र्यासाठी घरानं सोफा मोकळा करायचं ठरवलं तर उतार करून द्या: ४५ सेंटिमीटर उंचीच्या सोफ्याला निदान १२० सेंटिमीटर लांबीची फळी, वर पायपुसणं घट्ट ठोकलेलं, दोन्ही कडांना बोटभर उंच पट्टी. फळी आधी जमिनीवर सपाट ठेवून त्याला तिच्यावरून चालू द्या, मग एक टोक विटेवर, आणि दोन-तीन दिवसांनी सोफ्याला.