नवरे वाकड्या वाटेला का लागतात? १९२७चा हरवलेला सिनेमा

'नवरे वाकड्या वाटेला का लागतात?' मी नाही हो विचारत! १९२७ साली मुंबईत तयार झालेल्या एका मूकपटाचं हे नाव आहे. देशी नाव 'गुणसुंदरी' आणि इंग्रजी नाव 'व्हाय हजबंड्स गो अस्ट्रे'. गंमत बघा, देशी नावात बायकोचं कौतुक आणि इंग्रजी नावात नवऱ्याची चौकशी. पण आतली गोष्ट ऐकलीत, तर चौकशी शेवटी बायकोचीच होते!

गोष्ट अशी. गुणसुंदरी दिवसभर घरात राबते. नवरा संध्याकाळी धंद्याची कटकट डोक्यात घेऊन येतो आणि ही त्याच्यासमोर घरच्या तक्रारी मांडते. तो कंटाळतो आणि नाचणारीकडे जायला लागतो. मग बाई ठरवतात की नुसतं कर्तव्य करून भागणार नाही, नवऱ्याची सोबतीणही व्हायला हवं. त्या नटूनथटून उंबऱ्याबाहेर पडतात.

म्हणजे चुकला तो आणि बदलायचं हिनं. आज हे ऐकून माझ्या कपाळावर आठी येते. पण पडद्यावर देव, राक्षस आणि राजे नाचत होते, त्या काळात चारचौघांच्या घरातली कुरबूर कुणीतरी थेट पडद्यावर आणली, हेही खरं.

आणणारा होता चंदुलाल शहा. शेअर बाजारातून आलेला गडी. दादरच्या कोहिनूर फिल्म कंपनीत त्यानं आदल्याच वर्षी 'टायपिस्ट गर्ल' सतरा दिवसांत उरकला होता आणि तो तुफान चालला होता. गुणसुंदरी झाली अभिनेत्री गोहर. वय किती? सोळा-सतरा! संसाराला वैतागलेली गृहिणी साकारतेय कोण, तर आजच्या हिशेबानं अकरावी-बारावीतली मुलगी.

[थांबा घ्या, कॅमेऱ्याकडे बघून]

आता तुम्ही थिएटरात आहात असं समजा. पडद्याजवळ हार्मोनियम-तबला चालू आहे. मध्येच अक्षरांची पाटी येते, एकाच पाटीवर तीन-चार भाषा. ज्यांना वाचता येतं ते मोठ्यानं वाचतात, शेजारच्यांसाठी. एक गुजरातीत, एक उर्दूत, सगळे एकदम. मूकपट फक्त पडद्यावर मूक होता, प्रेक्षागृहात नुसता गलका!

मग १९३१च्या मार्चमध्ये गिरगावच्या मॅजेस्टिकला 'आलम आरा' लागला, पडदा बोलायला लागला आणि मूकपटांना कुणी विचारीना. त्या फिल्मवर चांदीचा थर असायचा. ती काढून घेण्यासाठी कितीतरी रिळं गेली. बाकीची सडली, जळली. भारतात तेराशेच्या वर मूकपट झाले, त्यातले आज पाहता येतील असे अगदी थोडे. 'गुणसुंदरी' त्यात नाही.

चंदुलाल आणि गोहरनं पुढे १९२९ मध्ये दादरलाच 'रणजित' ही फिल्म कंपनी उभी केली आणि १९३४ साली 'गुणसुंदरी' याच नावाचा बोलपटही काढला. पण मूळची ती चीज नाही.

माझी खरी चुटपुट वेगळीच आहे. गोष्ट आपल्याला माहीत आहे, म्हणून काही हरवलं नाही असं वाटतं. पण ती उंबरा ओलांडते तेव्हा गोहर कशी बघत होती? नवऱ्याला परत मिळवायला निघालेली, की 'आता तू बस घरी' म्हणणारी? मूकपटात सगळा अर्थ त्या चेहऱ्यावर असतो. कथासार वाचून ते कसं कळणार? मला वाटतं ती हसली असणार. पण हे आपलं माझं.

[हातात गंजलेला पत्र्याचा डबा]

हा रिकामा आहे, घाबरू नका. पण जुनी रिळं शोधून जपणारे पी. के. नायर यांना दादासाहेब फाळक्यांची रिळं फाळक्यांच्याच नाशिकच्या घरी मिळाली होती. तेव्हा तुमच्या आजोळच्या माळ्यावर असा डबा दिसला, तर भंगारवाल्याला देऊ नका. गॅसजवळ तर मुळीच उघडू नका, ती जुनी फिल्म भडकन पेटते आणि पाण्यानंही विझत नाही. सरळ पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात फोन करा. आणि मग मला!